साक्षीदाराविना खटला

शाळेविषयी ज्याला बोलता येत नाही असा मनुष्य आपल्या महाराष्ट्रात सापडणे कठीण. मंत्री बोलतात, संस्थाचालक बोलतात, शिक्षक-संघटनांचे पुढारी बोलतात. निवृत्त झाल्यावर तर शिक्षणाधिकारीसुद्धा मोकळेपणाने बोलू लागतात. दिवाळी आली की आम्ही लेखकमंडळीही बोलून घेतो. या गलबल्यात एकच माणूस गप्प असतो, आणि तो गप्प आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो म्हणजे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस त्या शाळेत प्रत्यक्ष बसणारा मुलगा किंवा मुलगी.

शाळा बिघडल्या, असा आरोप आपण कित्येक वर्षे करीत आलो आहोत. हा एक खटलाच आहे म्हणा ना! त्यात फिर्यादी आहेत, वकील आहेत, तज्ज्ञांचे अभिप्राय आहेत, कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. पण ज्याने सारे आपल्या डोळ्यांनी पाहिले त्या साक्षीदाराला मात्र अजून समन्स गेलेले नाही. माझे म्हणणे अगदी साधे आहे. शाळा सुधारायची असेल तर प्रथम विद्यार्थ्याची साक्ष घ्या, ती लिहून ठेवा आणि तिला लेखी उत्तर द्या. हे मुलांवर उपकार म्हणून करायचे नाही. नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणूनही करायचे नाही. शाळेत काय चालते हे मुलांइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसते, एवढ्यासाठीच ते करायचे.

मी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या अनुभवावरून लिहीत आहे. हा जिल्हा तेरा तालुक्यांचा. पण आम्ही माणसे त्याचे दोनच भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या कित्येक गावांतून विहिरीला पाणी असते, पण ते तोंडात धरवत नाही. त्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. तिथल्या पोराची घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. घाटावर लोणार, सिंदखेडराजा या बाजूंची कित्येक कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघून जातात आणि त्यांच्या पोरांची शाळा अर्ध्यावर राहते. एका जिल्ह्यात शाळांच्या इतक्या तऱ्हा! पण माहिती भरण्याचा तक्ता सगळ्यांना एकच. त्यात प्रश्न असतो, 'पिण्याचे पाणी उपलब्ध आहे काय?' खारपाणपट्ट्यातल्या शाळेत नळ असतो, नळाला पाणीही येते. उत्तर लिहिले जाते, 'होय'. लिहिणारा खोटे बोलत नाही. पण ते पाणी घोटभर पिऊन बाकीचे ओतून टाकणारी, दुपारपर्यंत तहान मारून बसणारी पोर त्या 'होय'मध्ये कुठे दिसते? तिला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते. तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. घाटाखालच्या एका शाळेत मी गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशा शाळा एक नव्हेत, पुष्कळ आहेत. तिथे विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ होते. भिंतीवर रंगीत खडूने नावे लिहिली होती: मुख्यमंत्री अमुक, क्रीडामंत्री तमुक. आरोग्यमंत्री सातवीतली एक मुलगी होती. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसले म्हणून मी तिला विचारले,

"बाई, ही किल्ली कुणाकडे असते?"

"चाबी हापिसात रायते. तपासनीचे साहेब आले का उघडतेत."

"मग एरवी तुम्ही काय करता?"

"घरी जातो. काही पोरी मंग दुपारून येतच नाहीत."

मुलींची दुपारची हजेरी का घटते, यावर जाडजूड अहवाल लिहिता येतो. या पोरीने तो दोन वाक्यांत संपवला. आणि गंमत पाहा: ती आरोग्यमंत्री होती, पण तिला किल्ली मागण्याचा अधिकार नव्हता. तक्त्यात तिथेही 'होय' असेच लिहिलेले असणार, कारण स्वच्छतागृह आहे, आणि पाहुणा आला की ते उघडतेही.

कुणी म्हणेल, कायदा करायला हवा. अहो, कायदा केव्हाच झाला आहे! मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचे मत ऐकून घ्यावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम सांगते. आणि ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने ती संहिता मान्य केली. पुढे शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली आला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिच्यावर सोपवले. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे त्याच्या सतराव्या कलमाने निषिद्ध केले. महाराष्ट्रात तर समितीवर दोन विद्यार्थ्यांना घेण्याची तरतूद झाली आणि त्यांत एक तरी मुलगी असावी असेही सांगितले गेले. म्हणजे साक्षीदारासाठी कोर्टात खुर्ची मांडून ठेवली होती. आता तुमच्या गावच्या समितीतले ते विद्यार्थी कोण, हे तुम्ही सहज विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी नावे कागदावर सापडतील. त्या मुलांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक असेलच असे नाही.

सरकारला याची जाणीव नाही असेही नाही. २०२४च्या जानेवारीत 'मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा' हे अभियान निघाले. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख रुपयांचे बक्षीस होते. पण ज्या गोष्टीला गुण असतात तिचे आधी छायाचित्र निघते. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, मंत्रिमंडळांचे शपथविधी झाले. रंगाला माझा विरोध नाही; सुंदर भिंत कुणाला नको? पण भिंतीचा रंग ठरवताना तरी पोरांना विचारले होते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

या सूचनेवर जे आक्षेप येतात ते मला तोंडपाठ आहेत. पहिला असा की, पोरांना काय कळते? विचारले तर सुट्टी मागतील. एका शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी हा प्रयोग करून पाहिला. मुलांना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. एका बहाद्दराने सुट्टी मागितली होती खरी. बाकीच्या चिठ्ठ्यांत काय होते ऐका. 'कपाटातली गोष्टींची पुस्तके आम्हाला द्या, आम्ही फाडणार नाही.' 'भागाकार पुन्हा सांगा, पण हसू नका.' 'खिचडीच्या वेळी आम्हाला शेवटी का बसवता?' 'सरांना आमच्या वर्गात बसू द्या, ते मोबाईलमध्ये माहिती भरत राहतात.' यांतली कोणती मागणी पोरकट आहे ते मला आक्षेपकांनी दाखवावे. शेवटी बसवण्याविषयी ज्या पोराने लिहिले त्याला आपल्या समाजाचे सारे शास्त्र कळलेले आहे. आपण ते कळले नाही असे सोंग करतो.

आणि शेवटची चिठ्ठी शिक्षकांनी नीट वाचावी अशी माझी त्यांना विनंती आहे. मुलांना बोलू दिले तर ती आपल्याच विरुद्ध बोलतील, हे भय त्यांच्या मनात असते. ते पोर शिक्षकाच्या विरुद्ध बोलत नव्हते. त्याची वकिली करीत होते. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये, असे त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम म्हणते. संघटनांनी मोर्चे काढून जे सांगितले तेच त्या चौथीतल्या पोराने सांगितले. फरक इतकाच, की त्याचा त्यात पगाराचा की बदलीचा काही स्वार्थ नव्हता. चांगल्या शिक्षकाला विद्यार्थ्याइतका खरा साक्षीदार मिळणार नाही. वाईट शिक्षकाला त्याची भीती वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. पोरे डोक्यावर बसतील, गुरूचा मान राहणार नाही! मान कशाने जातो ते या जिल्ह्याने पाहिले आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने सिंदखेडराजा तालुक्यात परीक्षेआधी बाहेर फुटली, आणि पुढे ज्यांना अटक झाली त्यांत शिक्षकही होते. जिजाऊंच्या जन्मगावच्या तालुक्याचे नाव त्या दिवशी राज्यभर झाले ते अशा कारणाने. हजारो प्रामाणिक शिक्षकांना त्यामुळे मान खाली घालावी लागली. पाने फोडली मोठ्यांनी. पण परीक्षेच्या दारात खिसे तपासले जातात ते पोरांचेच. अशा वेळी पोरांच्या बोलण्याने गुरूचा मान जातो असे म्हणणे म्हणजे निव्वळ दांभिकपणा होय.

शिस्तीविषयी ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी यानुश कोर्चाक या पोलिश डॉक्टरची हकीकत वाचावी. वॉर्सा शहरात त्याने अनाथ ज्यू मुलांचे घर चालवले. तिथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते आणि त्याच्या संहितेतली बरीचशी कलमे क्षमा करण्याची होती. मोठ्यांवरही तिथे फिर्याद होई. खुद्द कोर्चाक त्या न्यायालयापुढे उभा राहिला होता. त्याने त्याचा मान गेला काय? १९४२ साली नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा स्वतःचा जीव वाचवण्याची संधी नाकारून तो त्यांच्याबरोबर गेला. जिथे मुलाला मोठ्याविरुद्ध दाद मागता येते, तिथे मोठ्याविषयीचा आदर खराखुरा असतो. छडीने मिळणारी शांतता हा आदर नव्हे.

तिसरा आक्षेप असा की, यातून शाळेत राजकारण शिरेल. वाचकहो, ते शिरायचे बाकी आहे असे तुम्हाला वाटते काय? समितीचा अध्यक्ष कोण, पोषण आहाराचा तांदूळ कुणाच्या खोलीत, बदली कुणाच्या चिठ्ठीने, हे सगळे गावच्या राजकारणातच ठरते. त्या राजकारणात नसतो तो एकटा विद्यार्थी. म्हणूनच तो बोलावा.

विचारले नाही म्हणून मुले कायमची गप्प बसतात असेही नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांचे काय करायचे, याची चर्चा २०२२ साली राज्यात सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले बकऱ्या घेऊन थेट नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारात गेली. भाम धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची ही वस्ती; तिथली शाळा बंद केली होती. मुलांची घोषणा होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या!' शाळा नाही तर आम्ही बकऱ्या वळतो, हा त्याचा सरळ अर्थ. शेवटी शाळा पुन्हा सुरू करण्याचे प्रशासनाला मान्य करावे लागले. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. जानेवारी २०२२मध्ये वृत्तपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली. या दोन्ही गोष्टींचे आपण कौतुक केले. मला मात्र त्यांची लाज वाटते. पोरांना बकऱ्या घेऊन जिल्ह्याच्या गावी जावे लागते, आणि होडीतल्या मुलींची खबर न्यायमूर्तींना वर्तमानपत्रातून लागते, याचा अर्थ मधल्या सगळ्या समित्या, सभा आणि तपासण्या बहिऱ्या आहेत. शाळा बंद करण्यापूर्वी कुणी दरेवाडीत जाऊन मुलांबरोबर तासभर बसले असते तर ही वेळ आली नसती.

न विचारता बोललेल्या आवाजाचे आपण काय करतो, हे बुलढाण्याइतके दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असणार! याच गावच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. त्यांना शाळा मिळाली नव्हती, वडिलांनी घरीच शिकवले. त्यांचे मत कुणी मागितले नव्हते. बायकांविषयी पुरुषच लिहीत होते आणि पुरुषच वाचत होते. ताराबाईंनी जे सांगितले ते लोकांना झोंबले. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मृतीत गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत. त्र्याण्णव वर्षे! आज आपण ताराबाईंचे नाव अभिमानाने घेतो. पण आपल्याच शाळेतली आजची पोर झोंबणारे काही बोलली तर तिच्याशी आपण तसेच वागतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. आमच्या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली ज्यांचे चरित्र लिहिले, त्या जोतीरावांच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापून आला. शिकून तीनच वर्षे झालेली कोवळी मुलगी. पण तिने धर्मपंडितांना असे प्रश्न विचारले की आजही ते वाचताना मान वर होत नाही. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी तिला 'तू अजून लहान आहेस' असे सांगितले असते तर? तो निबंध चांगला, म्हणून आपण त्याचे गोडवे गातो. पण ज्या शाळेत विद्यार्थिनीला असे लिहिण्याचे धैर्य मिळाले त्या शाळेची रीत उचलायला आपण तयार नाही. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी गावच्या आठ मुलांनी १९६७ साली आपल्या देशाच्या शाळेवर एक पुस्तकच लिहिले; मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. आपल्याकडच्या कित्येक शिक्षकांनी ते आवडीने वाचले. परक्या देशातल्या नापास पोरांचे बोलणे आपल्याला वाचवते. आपल्या वर्गातल्या नापास पोराला मात्र आपण बाकावर उभे करतो.

केवळ टीका करून थांबू नये, म्हणून काय करावे तेही सांगतो. त्याला पैसा लागत नाही. त्यामुळे तो नाही, ही सबब चालणार नाही. प्रत्येक शाळेत एक वही असावी. तिच्यात मुलांनी नाव न घालता लिहावे; ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे मोठ्या वर्गातल्या मुलाने लिहून घ्यावे, आणि पाड्यावरचे पोर ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत घ्यावे. व्यवस्थापन समितीच्या दर सभेत बाकीच्या कामाआधी ती वही मोठ्याने वाचावी, आणि ती समितीतल्या दोन विद्यार्थ्यांनी वाचावी. प्रत्येक मागणीला पंधरा दिवसांच्या आत उत्तर मिळावे आणि ते ओसरीत सगळ्यांना दिसेल असे लावावे. उत्तर 'होणार नाही' असेही असू शकते. मुले तेवढी समजूतदार असतात. पण का होणार नाही, ते लिहिले पाहिजे. तपासणीला आलेल्या साहेबांनी आधी अर्धा तास शिक्षकांशिवाय मुलांबरोबर बसावे आणि मग हवे तर दप्तर पाहावे. शाळा बंद करायची किंवा दुसरीत मिसळायची असेल तर त्या वस्तीत जाऊन मुलांचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो कागद पुढे सरकू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वहीत लिहिले म्हणून एकाही पोराला त्रास झाला तर तो गुन्हा समजला जावा. चिठ्ठीच्या अक्षरावरून पोर शोधून काढणारे हुशार लोक आपल्यात आहेत, हे मला ठाऊक आहे.

यात अडचण एकच आहे. आज सारे 'होय' लिहून मोकळे होता येते. एकदा पोरांना विचारले की मग उत्तर देणे भाग पडते. आपल्या सगळ्या टाळाटाळीचे मूळ या भयात आहे. पोरांना कळत नाही म्हणून आपण त्यांना विचारत नाही, हे खरे नव्हे. त्यांना फार कळते, म्हणून विचारत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल. घरात पोरे असतील, भाचे-पुतणे आलेले असतील. फराळ करता करता त्यांना नेहमीचा प्रश्न विचारू नका. कितवा नंबर आला हे त्यांना सगळेच विचारतात. शाळेत तुला कुठली गोष्ट बदलावीशी वाटते, असे विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. पहिल्यांदा ती हसतील, एकमेकांकडे बघतील, कारण असा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. मग एखादे पोर हळूच काहीतरी सांगेल. ते एका कागदावर लिहून घ्या आणि शाळा उघडली की समितीच्या पहिल्या सभेला तो कागद घेऊन जा. जाताना त्या पोरालाही बरोबर न्या.